क्रूझवरची बिनदारूची तहान आणि तिचं बिल

आधी निकाल सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. दारू पीत नसाल, दिवसाला दोन कप कॉफीत भागत असेल आणि रोज चार-चार मॉकटेल रिचवायची हौस नसेल, तर जहाजावरचं बिनदारूचं ड्रिंक पॅकेज, म्हणजे रोजची ठरावीक रक्कम भरून हवी तितकी पेयं, घेऊ नका. लागेल तेवढं सुटं घ्या. आणि फुकट काय मिळतं, कुठे मिळतं, हे चढल्या दिवशी दुपारीच हिंडून बघून ठेवा. फुकटची जागा कुणी बोट दाखवून सांगत नाही. विकतचं मात्र दर वीस पावलांवर ट्रे घेऊन हसत उभं असतं.

मी एका सहकारी बँकेत उभी हयात व्हाउचरं तपासण्यात घालवली. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. हॉटेलात वेटरने बिल ठेवलं की घरचे सगळे माझ्याकडे बघतात आणि सौ. छताकडे बघते. क्रूझचं ठरलं ते चिरंजिवांच्या हट्टाने. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू. मार्ग आपल्याकडचे लोक नेहमी जातात तोच: सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. जहाजाचं नाव इथे देत नाही. पुढे एखाददुसरी कुरकुर येईल, पण ती काही त्या एका जहाजापुरती नाही. अमेरिकी डॉलरमध्ये हिशेब ठेवणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांवर पेयांची मांडणी थोड्याफार फरकाने अशीच असते.

टूरच्या पत्रकात ‘सर्व जेवण समाविष्ट’ असं ठळक छापलेलं होतं आणि जेवणाबद्दल खरंच तक्रार नाही. जैन जेवणसुद्धा आधी कळवलं तर मिळत होतं. पण पिण्याचं काय, याबद्दल पत्रक गप्प. ते चढल्यावर कळतं.

दर सांगतो. कोल्ड्रिंकचा कॅन ४ डॉलर. पाण्याची बाटली साडेतीन. कॅफेतली कॅपुचिनो ५, कोल्ड कॉफीही ५. समोर पिळून दिलेला संत्र्याचा रस ६. मॉकटेल ८. या प्रत्येकावर १८ टक्के सेवाशुल्क, आणि ते मेनूकार्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणजे ८ डॉलरचं मॉकटेल पडतं ९ डॉलर ४४ सेंटला. डॉलर ९० रुपयांचा धरला तर साडेआठशे रुपये. ऐवज काय, तर पुदिना, लिंबू, साखर, सोडा आणि ग्लासभर बर्फ.

पॅकेजं दोन होती. एक नुसत्या कोल्ड्रिंकचं, दिवसाला १३ डॉलर. दुसरं सगळ्या बिनदारू पेयांचं, दिवसाला ३२ डॉलर. त्यात मॉकटेल, कॅफेतली कॉफी, ताजा रस, बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक सगळं आलं. दोन्हींवर पुन्हा १८ टक्के. मोठं पॅकेज माणशी रोज ३७ डॉलर ७६ सेंटला जातं, म्हणजे जवळपास ३,४०० रुपये. घरातल्या पाचही जणांनी घेतलं तर रोजचे १७,००० रुपये नुसत्या तहानेचे. हे ऐकून सौ. म्हणाली, “अहो, एवढ्यात आपल्याकडे महिन्याचा किराणा येतो.” मी म्हटलं, दुधासकट येतो.

आता भागाकार. सेवाशुल्क सुट्यालाही आहे आणि पॅकेजलाही, तेव्हा ते दोन्हीकडून काढून टाका. ३२ भागिले ८, म्हणजे चार मॉकटेल झाल्यावर पैसे फिटतात. नुसती कॉफी प्यायची तर सातवा कप लागतो. मिसळून घेतलं, म्हणजे दोन कॉफ्या, दोन मॉकटेल आणि एक पाण्याची बाटली, तर साडेएकोणतीस डॉलर होतात; तरी पॅकेज अडीच डॉलरनी महागच. आणि हे एखाद्या दिवशी करून भागत नाही. पॅकेज पूर्ण सफरीचं घ्यावं लागतं. चढायच्या दिवशी तुम्ही जहाजावर पोचता दुपारी, त्या दिवसाचेही पूर्ण पैसे. बंदराला उतरून दिवसभर बाहेर हिंडलात, त्याही दिवसाचे पूर्ण. घ्यायचंच ठरलं तर घरूनच, निघण्याआधी जहाजाच्या संकेतस्थळावरून घ्या. तिथे अधूनमधून दर उतरतात. चढल्यावर काउंटरवर तेच महाग पडतं.

आमच्यात मोठं पॅकेज घेतलं ते एकट्या सुनेने, आणि तिने ते वसूल केलं. सकाळी कॅपुचिनो, नाश्त्याला ताज्या संत्र्याचा रस, दुपारी पोहण्याच्या तलावाकाठी मॉकटेल, चारला कोल्ड कॉफी, रात्री शो बघताना आणखी एक मॉकटेल आणि झोपताना उशाशी पाण्याची बाटली. बेरीज साडेपस्तीस. एका रात्री मी सहज म्हटलं, आज कोल्ड कॉफी राहिली वाटतं. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही माझे कप मोजताय?” मोजत होतो, हे खरं. पण तिचं उदाहरण मुद्दाम देतोय. ज्याला कॉफीचं वेड आहे, ज्याला तलावाकाठी हातात छत्रीवाला ग्लास असल्याशिवाय सुट्टी वाटत नाही, त्याच्यासाठी हे पॅकेज वाईट नाही. बाकी चौघांना ते पाण्यात गेलं असतं.

ते वाटूनही घेता येत नाही. दर वेळी जहाजाचं कार्ड लावायचं, पडद्यावर तुमचा फोटो येतो, पेय एका वेळी एकच. सासूबाईंनी सुनेच्या ग्लासातला घोट घेतला तर कुणी हटकायला येत नाही, पण ‘दोन द्या’ म्हटलं की बारवाला नम्रपणे नाही म्हणतो.

मुलाची गोष्ट वेगळी. तो संध्याकाळी एखादी बीअर घेतो, ते आता घरात उघड आहे. त्याला दारूचं पॅकेज घ्यायचं होतं, तिथे नियम आडवा आला: केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या बाकीच्या मोठ्यांनीही घ्यायचं. एकाने घेऊन दोघांनी प्यायचं, असं होऊ नये म्हणून. ठीक आहे, त्यांच्या बाजूने बरोबर आहे. पण जी बाई थेंबाला शिवत नाही तिनेही दारूचे पैसे भरायचे, हा कुठला न्याय? काही कंपन्यांना फोन करून सांगितलं तर न पिणाऱ्या जोडीदाराला बिनदारूच्या पॅकेजवर सोडतात. आमच्या चिरंजिवांनी फोन करण्याऐवजी सुटी बीअर घेतली, आणि दर ग्लासाला सही करावी लागली की माणूस आपोआप कमी पितो, हा फायदा माझ्या आणि सौ.च्या नजरेतून सुटला नाही.

आता फुकटचं. बुफेच्या मजल्यावर, एका कोपऱ्यात, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत हे मिळत होतं: थंड पाणी, बर्फ, लेमोनेड, आइस टी, साधी मशीनची कॉफी, टी-बॅग आणि उकळतं पाणी, दूध. सकाळी नाश्त्याच्या वेळात संत्रं, सफरचंद आणि अननसाचा रस; हा यंत्रातला, गोड, पातळ. दहा-साडेदहाला रसाची यंत्रं बंद होतात आणि मग रस हवा तर बारवर पैसे मोजून. लेमोनेड गोड ढाण. मला मधुमेह आहे, त्यामुळे मी एकदा चव घेतली आणि सोडून दिलं, पण नातवाने त्या यंत्राशी दोस्ती केली. आइस टी मात्र बिनसाखरेचा होता. तो मला चांगलाच मानवला.

हेच लेमोनेड आणि आइस टी मोठ्या डायनिंग हॉलमध्ये रात्रीच्या जेवणालाही फुकट मिळतात. मेनूत लिहिलेलं नसतं. पहिल्या रात्री वेटर येतो आणि विचारतो, “स्पार्कलिंग ऑर स्टिल?” म्हणजे बुडबुड्यांचं पाणी की साधं. यातलं काहीही म्हटलंत तरी बाटली फुटते आणि बिल लागतं. म्हणायचं, “आइस वॉटर.” मग जग भरून आणतात, परत परत भरतात, एक पैसा नाही. आमच्या शेजारच्या टेबलावरचं नागपूरचं जोडपं तीन जेवणं ‘स्टिल’ म्हणत राहिलं. चौथ्या जेवणाला त्यांनी आमचा जग बघितला.

पाण्याबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते, म्हणून थोडं सांगतो. जहाजाच्या नळाचं पाणी पिण्याचंच असतं. समुद्राचं पाणी आत घेऊन कमी दाबाखाली, इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर त्याची वाफ करतात आणि ती थंड करून गोडं पाणी मिळवतात. दुसरी रीत आपल्या घरच्या आरओसारखीच, फक्त गिरणीएवढी मोठी. मग त्यात थोडे क्षार आणि क्लोरीन. बाकीचं पाणी बंदरातून भरून घेतात. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजांची तर तिथली सीडीसी ही आरोग्यसंस्था १९७० च्या दशकापासून अचानक तपासणी करते, आणि त्यात पाण्यातलं क्लोरीनही मोजतात. आम्ही सगळेच केबिनच्या नळाचं पाणी प्यालो, सौ.सुद्धा, जी पुण्याला लेकीकडे गेली तरी पाणी उकळून घ्यायला लावते. क्लोरीनचा वास थोडा येतो. रात्री जग भरून उघडा ठेवला की सकाळी जातो.

एक पथ्य पाळा. बुफेतल्या पाण्याच्या नळाला आपली उष्टी बाटली टेकवून भरू नका. तिथल्या ग्लासात घ्या आणि ग्लासातून बाटलीत ओता. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरते ती अशाच गोष्टींतून. आपलेच लोक नळाला बाटलीचं तोंड लावून उभे होते आणि तिथला कर्मचारी त्यांना सांगून दमला होता, हे बघून मलाच शरमल्यासारखं झालं.

केबिनमध्ये टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या मांडून ठेवलेल्या असतात. आपल्याकडे हॉटेलात त्या फुकट असतात म्हणून हात लगेच जातो. इथे बाटलीच्या गळ्यात किमतीचा बिल्ला अडकवलेला होता. बूच फिरवलं की साडेतीन डॉलर अधिक १८ टक्के. सौ.ने दोन्ही बाटल्या पहिल्याच दिवशी कपाटात, मोज्यांच्या मागे ठेवून दिल्या, नातवाच्या हाताला लागू नयेत म्हणून. केबिन साफ करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी त्या शोधून पुन्हा टेबलावर मांडल्या. हा खेळ शेवटपर्यंत चालला. त्याच माणसाला बर्फाची बादली मागितली तर तो सकाळ-संध्याकाळ फुकट भरून द्यायचा.

चहा. इथे जरा थांबतो, कारण आमच्या अख्ख्या ग्रुपची निम्मी चर्चा याच विषयावर झाली. जहाजावर उकळलेला चहा मिळत नाही. कप, गरम पाणी, टी-बॅग, आणि दुधाच्या नावाखाली अंगठ्याएवढ्या पुड्या. त्याला चहा म्हणायला माझी तयारी नाही. घरून किटली न्यायची सोय नाही. तापणारी कॉइल असलेली कुठलीही वस्तू आगीच्या भीतीने जहाजावर चढू देत नाहीत. एका काकांची इलेक्ट्रिक किटली सिंगापूरच्या धक्क्यावरच काढून घेतली आणि पावती देऊन उतरताना परत केली. उपाय सौ.ने शोधला. बुफेच्या कॉफी काउंटरवर जाऊन ‘हॉट मिल्क’ मागायचं. वाफाळलेलं खरं दूध कपभर देतात, पैसे नाहीत. त्यात दोन टी-बॅग टाकून झाकण ठेवून चार-पाच मिनिटं थांबायचं, वर चिमूटभर सुंठ-वेलदोड्याची पूड, ती घरून डबीत नेलेली. अमृततुल्य नव्हे, पण घशाखाली उतरतो आणि डोकं जाग्यावर येतं. तिसऱ्या सकाळी सौ.च्या भोवती ग्रुपमधल्या सात-आठ बायका डबीकडे बघत उभ्या होत्या. डबी सफर संपायच्या आधी संपली.

सफरीत एकादशी आली. सौ.चा उपवास. लेमोनेडच्या यंत्रात नेमकं काय आहे याची खात्री कोण देणार? तिने ते घेतलं नाही. पण चहाच्या काउंटरवर लिंबाच्या फोडी ताटलीभर ठेवलेल्या असतात, शेजारी साखरेच्या पुड्या. पाच-सहा फोडी पिळल्या, साखर, थंड पाणी, आणि पर्समधल्या सैंधवाची चिमूट. हे आपलं घरचं लिंबू सरबत, ८ डॉलरच्या मॉकटेलपेक्षा सरस. माझ्यासाठी साखर वगळून. काउंटरवरच्या फिलिपिनो पोरीने चव घेऊन बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून सौ. दिसली की तीच ताटली पुढे सरकवायची.

मॉकटेल चवीला कसं होतं, हे परीक्षणात लिहायला हवं. सुनेच्या आणि सौ.च्या ग्लासांतून मी घोट घोट चाखलं आहे. व्हर्जिन मोहितो दुपारी तलावाच्या बारवर चांगला असतो; गर्दी नसते, पुदिना समोर चुरडतात, लिंबू ताजं कापतात. तोच रात्री नाचाच्या वेळी घेतला तर पुदिन्याचा नुसता हिरवा पाक आणि बर्फ. पिन्या कोलाडा बाटलीतल्या तयार मिश्रणाचा, नारळाच्या वडीसारखा गोड. निम्म्याच्या पुढे जात नाही. आंब्याचं एक होतं, त्यात आंबा कुठे होता ते कोकणातल्या माणसाने शोधून दाखवावं. सगळ्यांत जमलेलं पेय मेनूत नव्हतंच.

ते मिळालं एका बारवाल्यामुळे. गोव्यातल्या सासष्टीचा पोरगा, वीस-बावीस वर्षांपासून समुद्रावर असलेल्या काकाच्या ओळखीने लागलेला. या जहाजांवर गोव्याचे लोक बरेच भेटतात. गोव्यातल्या कितीतरी घरांत कुणीतरी ‘शिपार’, म्हणजे जहाजावर, असतंच. तो कोंकणीत बोलायचा, मी मराठीत, दोघांचंही अडत नव्हतं. माझ्या साखरेचं ऐकून म्हणाला, “अंकल, मॉकटेल सोडा. हांव तुमकां खारो लिंबू सोडा करून दितां.” साध्या सोड्याचा कॅन, अख्खं लिंबू, मीठ, वर मिरपूड. बिल नुसत्या कॅनचं, ४ डॉलर अधिक शुल्क. आपल्याकडे टपरीवर तीस रुपयांत मिळतो हे मान्य, पण भर समुद्रात, उन्हात, साखरेशिवाय, त्याला तोड नाही. मधुमेहाची माणसं जात असतील त्यांनी बारवर जाऊन हेच मागावं. मेनूत शोधू नये.

नातवाला कोल्ड्रिंकचं पॅकेज घेतलं, १३ डॉलरचं. ४ च्या भावाने चौथ्या कॅनला ते फिटतं. दहा वर्षांच्या पोराने दिवसाला चार कोल्ड्रिंक प्यावीत का, हा प्रश्न मी विचारला होता. मत कुणी विचारात घेतलं नाही. त्याबरोबर एक मोठा प्लास्टिकचा कप मिळतो, त्याच्या बुडात चिप असते. यंत्राखाली कप धरला की यंत्र ओळखतं, पडद्यावर शंभरेक चवी येतात आणि बोट लावून हवं ते मिसळायचं. एकदा भरलं की थोडा वेळ पुन्हा भरून देत नाही, त्यामुळे एकाच कपावर अख्खं घर पाजता येत नाही. पोराला प्यायच्या निम्मी मजा त्या यंत्रासमोर उभं राहण्यात होती. पीच, लिंबू, चेरी असं सगळं एकत्र करून त्याने मला जे दिलं त्याचं वर्णन करत नाही.

पालकांनी एक काम चढल्या चढल्या करावं. मुलालाही जहाजाचं कार्ड मिळतं, आणि तेच खोलीची किल्ली, तेच पैशांचं पाकीट. त्यावरची खरेदी बंद ठेवायची का, की मर्यादा घालायची, हे गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर सांगून ठेवता येतं. आम्ही बंद ठेवली. ग्रुपमधल्या एका मुलाने स्लशी या बर्फाळ सरबतावर किती डॉलर उडवले ते त्याच्या वडिलांनी मोठ्याने सांगितलं, तेव्हा माझा नातू माझ्याकडे बघत होता.

बंदराच्या दिवसांचं आधी म्हटलंच, पण पेनांगबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. जहाज जॉर्जटाउनमध्ये स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि तिथून चालत लिटल इंडिया. तिथे रस्त्यावर तेह तारिक मिळतो: कडक चहा आणि आटवलेलं गोड दूध, दोन भांड्यांतून हातभर उंचीवरून ओढून फेस आणलेला. दोन-तीन रिंगिट (मलेशियाचं चलन). जहाजावरच्या पाण्याच्या बाटलीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत पोटभर चहा. आमच्या ग्रुपचे लोक तिथे जे बसले ते उठेनात. फुकेतला शहाळी. दोन्ही ठिकाणी सुनेचं पॅकेज केबिनमध्ये पडून होतं आणि ३२ डॉलर चालूच होते.

सोबत काय नेता येतं, हे कंपनीवर आहे, म्हणून आपल्या कंपनीचा नियम वाचूनच निघा. रॉयल कॅरिबियन चढायच्या दिवशी केबिनमागे बारा छोटे कॅन किंवा बाटल्या नेऊ देते. कार्निव्हलवर माणशी बारा कॅन चालतात, पण प्लास्टिक किंवा काचेच्या बाटल्या नाहीत. नॉर्वेजियन तर पाणी आणि कोल्ड्रिंकही चढू देत नाही. आम्ही सिंगापुरात मुस्तफा सेंटरमधून नारळपाणी आणि टेट्रापॅकमधलं ताक घेतलं, सीलबंद, हातातल्या पिशवीत, आणि आमच्याकडे ते विनातक्रार चढलं. मोठ्या बॅगेत टाकलं असतं तर अडवलं असतं. केबिनमधला फ्रिज थंड करतो असं म्हणणं धाडसाचं आहे. तिथे ती बर्फाची बादली कामाला येते.

आता पैशांचं, माझ्या आवडीचं. जहाजावर रोख चालत नाही. कार्ड लावायचं, स्लिपवर सही करायची, शेवटी एकदम बिल. स्लिपवर पेयाची किंमत, मग १८ टक्के, मग एकूण, आणि त्याखाली एक मोकळी ओळ, वर आणखी टिप लिहायला. ती भरायची सक्ती नाही. पण मोकळी जागा दिसली की आपल्या माणसाला वाटतं, भरायचीच असणार. १८ टक्के ही टिपच आहे, ती आधीच गेलेली आहे. शिवाय रोजचं माणशी सेवाशुल्क वेगळं कापतात, ते आमच्या टूरच्या पैशांत आधीच धरलेलं होतं. सासष्टीच्या पोराला द्यायचं होतं ते मी शेवटच्या रात्री त्याच्या हातात दिलं, स्लिपवर नाही.

स्लिपा जपून ठेवा. मी केबिनमधल्या लिहायच्या टेबलाच्या खणात तारखेवार लावल्या होत्या, मुलगा हसला. शेवटच्या आदल्या रात्री मोबाइलच्या ॲपमध्ये खातं उघडलं, तर सौ.चा एक मोहितो दोनदा चढलेला. वेळ तीच, बार तोच, नोंदीत एका मिनिटाचा फरक. स्लिप एकच. काउंटरवर गेलो, स्लिप दाखवली, समोरच्या बाईने न वाद घालता ९ डॉलर ४४ सेंट कमी केले. पाच मिनिटांचं काम. हेच शेवटच्या सकाळी करायला गेलात तर त्या काउंटरसमोर अशी रांग असते की माणूस म्हणतो जाऊ दे आठशे रुपये. त्यांची गणितं कदाचित त्याच रांगेवर चालत असावीत; हा माझा संशय, पुरावा नाही.

कार्डाबद्दल दोन गोष्टी, बँकवाला म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून आपली कार्डं परदेशातल्या वापरासाठी मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं, आणि ते भारतात असतानाच करा. भर समुद्रात ओटीपी येत नाही. दुसरं, जहाजाच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. रोजच्या खर्चाइतकी, कधी जास्तही, रक्कम ते अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डात मर्यादा अडकते, डेबिट कार्डात तुमचे खरे पैसे. क्रेडिट कार्डावर परकी चलनाचं शुल्क साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्यावर जीएसटी, तेव्हा ८ डॉलरचं मॉकटेल खरं तर साडेआठशेलाही पडत नाही, त्याच्याही थोडं वर जातं. फॉरेक्स कार्डाने, म्हणजे आधीच परकी चलन भरून नेलेल्या कार्डाने, ते वाचतं. नाहीतर काउंटरवर डॉलर रोख जमा करून खातं उघडता येतं आणि उरलेले उतरताना परत मिळतात. आम्ही दोघांनी तेच केलं.

मुलाने मात्र डेबिट कार्ड जोडलं होतं. बिल चुकतं झालं तरी अडकलेली जादा रक्कम घरी आल्यावर आठवडा उलटेपर्यंत सुटली नाही. तो रोज बँकेला फोन लावायचा. बँक काय करणार, रक्कम अडकवणाऱ्याने सोडायची असते. एवढं मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण फोन लावायचा तो लावतच राहिला.